रकाना सातवा

एटापल्लीत, तहसीलच्या मागच्या खोलीत
पंखा आहे, वीज नाही.
टेबलावर दोन कागद.
एक विधवा पेन्शनचा, एक जबाबाचा.
समोर रैनी हेडो. बाजूला मी,
अंगणवाडीची, माडिया येते म्हणून बोलावलेली,
दिवसाचे दोनशे, चहा वेगळा.

पहिल्या कागदाला नवरा हवा:
नाव, वय, चकमकीची तारीख, मृत्यूचा दाखला.
दुसऱ्या कागदाला नवरा नको.
बोरकुटे वकीलबाई कानाशी येऊन सांगतात,
‘नवरा’ म्हणाली तर केस गेली. नीट विचारा.

मी विचारते, पेंडुल झालं होतं का तुझं?
आणि विचारतानाच कळतं, प्रश्न चुकला.
पेंडुल म्हणजे मोहाच्या डहाळ्यांचा मांडव,
मामाचं रुसणं, घराघरातून आलेला तांदूळ,
म्हाताऱ्यांच्या शिव्या, पहाटेपर्यंत ढोल.

रैनी म्हणते, मांडव नव्हता.
पावसाचं काळं प्लास्टिक होतं, चार बांबूंना बांधलेलं.
कमांडर म्हणाला, आजपासून तू याची.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीपण वाजवल्या.

टाळ्यांचं लिहू नका, वकीलबाई म्हणतात.
मी लिहिलेलं असतं.

मग ती सांगत जाते, मी उतरवत जाते.
त्याचा भात. त्याचं ओझं. त्याच्या बुटातला चिखल.
रात्रीसाठी तिनं एक शब्द वापरला,
मी मराठीत त्याचं ‘झोपले’ केलं.
हे माझ्या नावावर राहील.
सोळा वर्षांची होती.
त्याला हिवताप आला तेव्हा जागली सात रात्री.
वाईट नव्हता तो, म्हणते,
त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

वकीलबाई पेन खाली ठेवतात.
मग त्या समुद्रापलीकडच्या एका कोर्टाचं सांगतात.
लढाईतल्या बायका तिथे उभ्या राहिल्या,
आणि न्यायाधीशांनी लिहून ठेवलं:
मारलं नसेल, बांधलं नसेल,
तरी ‘बायको’ हे नाव बळजबरीनं लादणं
हाच एक गुन्हा.
आपल्या देशाची त्या कागदावर सही नाही, म्हणतात,
पण शब्द तर आणता येतो.

तो शब्द माडियात न्यायचा होता.
मी खूप शोधला.
शेवटी म्हणाले, पळणाऱ्या गुराच्या गळ्यात
लोढणं अडकवतात ना,
तसं नाव अडकवलं तुझ्या गळ्यात,
आणि तिकडचे पंच म्हणतात,
दोष लोढणं अडकवणाऱ्याचा.

रैनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर एक जवान सायकलचं पंक्चर काढून घेत होता.
मग विचारलं, त्या बायकांना काय म्हणाले मग? नावानं बोलावलं?
वकीलबाई मोबाइल उंच धरून रेंज शोधतात.
नाही, म्हणतात. साक्षीदार क्रमांक अमुक.
सुरक्षेसाठी असतं ते.

रैनी हसली. पहिल्यांदाच.
जंगलात मी रजिता, म्हणाली.
पोलिसांच्या यादीत अकरावी.
इथे विधवा. तिथे गेले असते तर पुन्हा आकडा.

बाबू दारातून ओरडला, पाचला खिडकी बंद.
पेन्शनच्या कागदावर रकाना सातवा, वैवाहिक स्थिती,
त्यापुढे चार चौकोन.
दर महिन्याचे पंधराशे एका चौकोनात,
बाकीचं सगळं बाकीच्या कुठल्याच चौकोनात नाही.
तिनं माझ्या हातून पेन घेतलं.
अक्षरं ती दलममध्येच शिकलेली, दगडावर कोळशानं.
चारही चौकोन सोडून
समासात लिहिलं, रैनी.
वेलांटी उलटी.

समासातलं कॉम्प्युटर घेत नाही, बाबू म्हणाला.

मग माझी पावती आली. दुभाषी, रुपये दोनशे.
माझ्या नावाआधी ‘सौ.’ छापलेलंच होतं.
सात वर्षं झाली मला घर सोडून.
खोडायला पेन हवं होतं.
ते अजून रैनीच्या हातात होतं.